खळ्यावरचं बलुतं, वहीतला हिशेब

शिमगा जवळ आला की आबा दोन रिकामी पोती खांद्यावर टाकून खळ्यांवर जायला निघायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, म्हणजे गोष्ट १९६५-६६ ची. गाव माण तालुक्यातलं. पाऊस मनाला आला तर पडणार, नाहीतर नाही. खळ्यात मधोमध तिवडा, बैलांची मळणी झालेली, वारं बघून ज्वारी उपणलेली आणि रास पडलेली. आबा पायताणं खळ्याबाहेर काढायचे आणि कडेला उभे राहायचे. राशीजवळ जायचे नाहीत. मालक काहीतरी आवरल्यासारखं करत राहायचा आणि मग जणू आत्ताच दिसल्यासारखं म्हणायचा, "आलास व्हय सुतारा? ये."

"आलो तात्या. रास चांगली दिसतीया औंदा."

"दिसतीया खरी. औतं किती धरायची?"

"दोन हायती की. पाडव्याला बोललो हुतो."

"बोललो हुतो" हे आबा अगदी सहज म्हणत, पण त्यावरच सगळा व्यवहार उभा असायचा. औताला आठ पायल्या ज्वारी आणि कडब्याच्या काही पेंढ्या असा आमचा ठरलेला हक्क होता. मालक पायलीनं मोजायचा आणि आबा तोंडानं मोजायचे नाहीत. शेवटच्या पायलीवर मालकानं वर एक ओंजळ टाकली की आबांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते नुसतं ज्वारीमुळं नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

अशी बावीस घरं आमची होती. त्यांना आम्ही 'घरकी' म्हणायचो. गिऱ्हाईक हा शब्द आमच्या घरात वाण्याच्या दुकानापुरता होता. घरकी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं काम आपणच करायचं आणि ज्यांनी ते आपल्याकडूनच करून घ्यायचं अशी घरं. आज्यांच्या माघारी वाटणी झाली तेव्हा जमीन नव्हतीच. वाकस, करवत, रंधे, पटाश्या आणि घरकी एवढंच वाटलं गेलं. बावीस आबांकडं आली आणि एकोणीस चुलत्यांकडं. चुलते आजारी असले तरी आबा त्यांच्या घरक्याचा नांगर हातात घ्यायचे नाहीत, आधी चुलत्यांकडनं निरोप यावा लागे. दोघा भावांचं एरवी फारसं पटत नव्हतं, पण या बाबतीत कधी कुरबुर झालेली मला आठवत नाही.

बारा बलुतेदार हे शब्द सगळ्यांना पाठ असतात. त्यातले बारा नेमके कोण याची यादी मात्र गावागणिक बदलते. जुन्या नोंदींत त्यांच्या तीन ओळी सापडतात. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकट्या ओळीत भट, मुलाणी, गुरव, कोळी. ओळ जितकी थोरली तितका धान्यातला वाटा मोठा. ही प्रतिष्ठेची उतरंड नव्हती, तसं असतं तर भट धाकट्या ओळीत बसला नसता. शेती ज्याच्यावाचून जास्त अडते त्याला जास्त, असा तो हिशेब होता. नांगराचं लाकूड आणि नांगराचा फाळ म्हणून सुतार-लोहार पहिले. हिशेब पोटाचा होता. मान कुणाला आणि अपमान कुणाला हे गाव वेगळ्या मापानं ठरवायचं.

पैसे टाकून काम करून घ्यायचं सोडून वर्षाचं धान्य का बांधून द्यायचं, याचं उत्तर वाफशात आहे. आमच्याकडं रब्बीच्या पेरणीला जमिनीत ओल धरलेली असते ती थोडेच दिवस. त्या दिवसांत पाभरीचा दांडा मोडला आणि सुतार दुसऱ्या गावाला गेलेला असला, तर वर्षाचं पीक गेलं. अशा वेळी सुताराला वाटेल तो दर मागता आला असता. बलुत्यानं तो मोह दोन्हीकडून बंद केला होता. सुतारानं अडवायचं नाही आणि शेतकऱ्यानं वाऱ्यावर सोडायचं नाही. एकदा रात्री कुणीतरी मोडकी पाभर खांद्यावर घेऊन आलेलं मला आठवतं. आईनं कंदील धरला, आबांनी बाभळीचा तुकडा तासून दांडा बसवला. माणूस "येतो" एवढंच म्हणून गेला. पैशाचा शब्द नाही आणि उपकाराचाही नाही.

पण या व्यवहाराला काठ होते, आणि ते आम्हा दोन्ही बाजूंना पक्के माहीत होते. नांगर, कुळव, पाभर, जू, शिवळा यांची नवी घडण आणि दुरुस्ती बलुत्यात. लाकूड शेतकऱ्याचं, घाम सुताराचा, ढलप्या सुताराच्या चुलीला. गाडी करायची, तुंबा बदलून चाकाला नव्या आऱ्या बसवायच्या, घराला दार-चौकट करायची तर ते बलुत्यात नाही. त्याची मजुरी वेगळी आणि ती आधी ठरायची. कुणी गाडीची दांडी घेऊन आला आणि "ह्यो बी बलुत्यातच घे की" म्हणाला, तर आबा हसायचे आणि म्हणायचे, "तात्या, गाडी काय जिमीन नांगरती व्हय?" दोघंही हसायचे, पण मजुरी ठरायची.

दर पाडव्याला आबा बावीस घरं फिरायचे. औत वाढलं का, बैल विकले का, कुणाचं वेगळं निघालं का, हे ओट्यावर बसून विचारायचे. घरात पाणी व्हायचं, गूळ व्हायचा. आजारपण, मुलीचं स्थळ, विहिरीचं पाणी सगळं बोलणं व्हायचं आणि त्यातच कधीतरी वर्षाची बोली होऊन जायची. लहानपणी मला वाटायचं आबा गप्पा मारायला जातात.

आणखी एक गोष्ट ते करायचे, ती बोलीत नव्हती. घरक्याच्या मुलीचं लग्न ठरलं की एक पोळपाट-लाटणं करून द्यायचे. लाकूड स्वतःचं. त्याचा मोबदला कधी विचारला नाही आणि कुणी द्यायला आलं तर घेतला नाही.

एवढं लिहून थांबलो तर वाचणाऱ्याला वाटेल, काय छान दिवस होते! शहरातली माझ्या ओळखीची काही माणसं तसं म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्याला मान हलवायचं मी आता सोडलं आहे. खळ्याच्या कडेला ताटकळणं मी डोळ्यांनी बघितलंय. मालकाचं मन असेल तर ओंजळ जास्त, नसेल तर पायली हलकी. वयानं दहा वर्षांनी लहान असलेला मालकाचा पोरगाही आबांना "ए सुतारा" म्हणायचा, आणि आबा त्याला "जी" म्हणायचे.

आम्ही तरी कडेला उभे होतो. महारवाड्यातल्या माणसाला याहून लांब उभं राहावं लागे. त्याच्याकडं कुठलंही एक ठरलेलं काम नव्हतं. सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं धावायचं, आणि ते रात्री-बेरात्री कधीही. आमच्या कामाला जसे काठ होते तसे त्याच्या कामाला कुणी ठेवलेच नव्हते. आणि काठ नसलेलं काम म्हणजे वेठच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, ते याच दुखण्यावर. काम ठरलेलं असावं, मोबदला ठरलेला असावा आणि नको असेल त्याला त्यातून बाहेर पडता यावं, हा त्यामागचा रोख होता. ते विधेयक मंजूर झालं नाही. पुढं १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं रद्द झाली. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला १९७८ साली 'बलुतं' हे नाव दिलं. ते पुस्तक मी वाचलं तेव्हा आबांच्या बलुत्याचा आणि त्या बलुत्याचा शब्द एकच आहे, याची मला कितीतरी दिवस बोचणी होती.

शेतकऱ्याचीही एक बाजू होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली निघालं. त्यात बलुत्याखाली कुणबी कसा पिचतो याबद्दल त्यांनी सडकून लिहिलंय. हक्क पिढीजात म्हणून काम नीट केलं नाही तरी वाटा सुटत नाही, ही त्यांची तक्रार. वाचताना राग आला, कारण ते आमच्याबद्दल होतं. पण चुलत्यांनी केलेले काही कुळव आठवले आणि गप्प बसलो.

बलुतं मोडलं ते कायद्यानं कमी आणि लोखंडानं जास्त. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमिनीत विष भिनेल या भीतीनं सुरुवातीला शेतकरी तो घेईनात, असं सांगतात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर हळूहळू सगळीकडं गेला. आमच्या गावात आबांच्या तरुणपणीच तो पाटलांकडं आला होता. लोखंडी नांगराला सुतार लागत नाही. त्याचा सुटा भाग तालुक्याला मिळतो, तोही रोख पैशानं. मग टायरची गाडी आली, मग ट्रॅक्टर. प्रत्येक वेळी कुणीतरी घरकी आबांना सांगायचा, "सुतारा, औंदा एकच औत धर." भांडण कुणाशीच झालं नाही. बावीसची चौदा झाली, चौदाची नऊ.

मग १९७२ आलं. त्याच्या आधीची वर्षंही धड नव्हती. रासच नाही तर बलुतं कुठलं? गाव सगळं दुष्काळी कामावर, घरकी आणि बलुतेदार एकाच रांगेत बसून खडी फोडत होते. आबांनी वाकस सोडून हातोडा धरला. त्या उन्हाळ्यात एका घरक्यानं पेवाच्या तळातली अर्धी पायली जुनी ज्वारी फडक्यात बांधून आणून दिली. औत नव्हतं, बैल छावणीत होते, त्यामुळं देणं लागत नव्हतं. आईला ती ज्वारी घ्यावी का नको हे कळेना. आबा म्हणाले, "घे. पर हिशेबात धरू नगंस." म्हणजे काय, ते मी तेव्हा विचारलं नाही.

आयटीआय करून १९८१ साली मी दहिवडीला रस्त्याकडेला पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. औतं नाहीत, दारं, खिडक्या, चौकटी, कपाटं. पाटीवर नाव आणि खाली 'फर्निचर'. लोक मला सुतारा म्हणेनात, मिस्त्री म्हणायला लागले. मला फार बरं वाटलं. आता खळ्यावर उभं राहायचं नाही, काम टाकायचं आणि पैसे मोजून घ्यायचे असं ठरवून मी बसलो.

पहिलं मोठं काम मिळालं शाळेतल्या दोस्ताचं. आमच्याच गावचा, आबांच्या एका घरक्याचा मुलगा. नवं घर बांधत होता. सागवानी दार, दोन खिडक्या, आत एक कपाट. मी विचारलं, "बजेट काय धरलंयस?" तो म्हणाला, "आरं, तुझं-माझं काय असतंय? कर तू, बघू मागनं." मला ते आवडलं. दोस्तीत दर काढायला मला लाज वाटली, हेच खरं. सागवान मी माझ्या उधारीवर आणलं. मधेच त्यानं कपाटाला एक कप्पा वाढवला, दाराला नक्षी सांगितली, शेवटी देवघराची चौकट. प्रत्येक वेळी "एवढं करशीलच की". मी केलं. रोज त्याच्या घरी चहा, दोनदा जेवण.

काम झाल्यावर मी आकडा सांगितला. तो बघतच राहिला. "माझ्याकडनं कमवायला बसलास व्हय लेका?" असं म्हणाला. मी सागवानाचे घनफूट सांगायला लागलो तसा तो उठून आत गेला. चार दिवसांनी एका पोराच्या हातनं त्यानं पैसे पाठवले. लाकडाचे सुटले, मजुरीतले निम्म्याहून जास्त गेले. लाकूडवाल्याचं देणं फेडायला मी तीन महिने दुसऱ्याच्या शेडवर रोजानं गेलो. दोस्ताशी बोलणं बंद झालं. गावच्या जत्रेत समोरासमोर आलो तरी दोघं दोन बाजूंनी पालखीला गेलो.

आबांना सगळं सांगितलं तेव्हा मला वाटत होतं ते त्याला शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "आधी बोलला हुतास?"

"न्हाय. दोस्त हाय म्हणून—"

"कप्पा वाढवला तवा बोललास?"

"न्हाय."

"मग त्याला कसं कळावं? त्याला वाटलं तू द्यायलायस. तुला वाटलं तू इकायलायस." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "मी पाडव्याला बावीस घरं काय गूळ खायला फिरत हुतो व्हय?"

तेव्हा मला पाडव्याचं फिरणं कळलं. बलुतं गेलं त्यात ताटकळणं गेलं, "जी" म्हणणं गेलं, ते जायलाच हवं होतं. पण ओळख, ओटा, चहा, तुझं-माझं हे आम्ही तसंच पुढं आणलं आणि पाडव्याची बोली मात्र मागं टाकून आलो. पैसा रोख झाला आणि बोलणं उधार राहिलं.

मी एक लांब वही आणली. आलेल्या माणसाला आधी बसवायचं, घरचं विचारायचं, मग माप घ्यायला जायचं. माप घेतल्यावर त्याच्यासमोर लिहायचं, लाकूड कुठलं, किती घनफूट, मजुरी किती, दिवस किती. मधे काही वाढलं तर वाढीव म्हणून खाली लिहायचं आणि त्याच दिवशी सांगायचं. लाकडापुरता इसार घेतल्याशिवाय करवत लावायची नाही. हे सगळं झालं की मग चहा. चहा आधी झाला तर दर सांगायला जीभ जड होते, असा माझा अनुभव आहे. तारीख चुकणार असं दिसलं तर त्यानं विचारायच्या आधी आपण जायचं. हे शेवटचं शिकायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि आजही पावसाळ्यात लाकूड वाळत नाही तेव्हा माझी चूक होते.

पहिल्या वर्षी काही लोक वही बघून बिचकले. एक गृहस्थ म्हणाले, "मिस्त्री, आमच्यावर इश्वास न्हाय व्हय?" मी म्हटलं, "अण्णा, इश्वास हाय म्हणूनच लिवतोय. इश्वास नसता तर काम घेतलंच नसतं." ते काम देऊन गेले. दुसरे एक जण गेले ते परत आले नाहीत. त्यांचंही बरोबर असेल.

वहीचा खरा उपयोग मला एका काकूंनी दाखवला. नवरा वारलेला, दोन शेळ्या आणि अंगणवाडीत मदतनिसाची नोकरी. पोरीच्या लग्नात द्यायला कपाट हवं होतं. मी म्हटलं, "काकू, पैशाचं बघू सावकाश." त्या म्हणाल्या, "सावकाश न्हाय. दर सोमवारी बाजारला येती मी, दर सोमवारी देणार. तू लिव." आणि प्रत्येक सोमवारी पदराच्या गाठीतले पैसे काढून मोजायच्या, मी लिहिलेला आकडा बोट ठेवून वाचायच्या. एका सोमवारी आल्या नाहीत. पुढच्या सोमवारी दोन्हीचे एकदम दिले. शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "आता माझ्याम्होरं रेघ मार." मी रेघ मारली. त्यांनी पिशवीतनं शेळीच्या दुधाचा खरवस काढून दिला. त्यापुढची वीस वर्षं त्यांनी माझ्याकडं माणसं पाठवली, आणि प्रत्येकाला आधीच सांगून ठेवायच्या, "लिवून घेतो त्यो. ऱ्हाग धरू नगा."

दोस्त आला तो सहा वर्षांनी. आबा गेले त्याच्या पुढल्या साली. सायकल शेडच्या बाहेर लावून उभाच राहिला, आत येईना. मी "ये" म्हटलं. रंध्याच्या ढलप्या पायानं सारत बसला. म्हणाला, मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय, पाळणा पायजे.

"सागवानी का शिसवी?"

"आधी दर सांग दोन्हीचा."

मी सांगितला. त्यानं सागवानी धरला. वही त्यानंच पुढं ओढली आणि मी लिहिताना बघत बसला. इसार मोजून ठेवला. मग म्हणाला, "आता च्या सांग की."

पाळणा ठरल्या दिवशी दिला. राहिलेले पैसे त्यानं तिथंच मोजले, रेघ मारून घेतली. मग मी आतनं कागदात गुंडाळलेलं चिमणाळं आणलं. उरलेल्या सागवानाचे तुकडे कोरून केलेले चार पोपट, दोन राघू-मैना, वर छोटी छत्री, सगळं हिरव्या-तांबड्या रंगात रंगवलेलं.

त्यानं कागद सोडला, बराच वेळ बघितलं आणि वहीकडं बोट करून विचारलं, "ह्ये त्यात कुठं लिवलंयस?"

"त्यात न्हाय त्ये," मी म्हटलं.

पाळणा त्यानं सायकलच्या मागं बांधला. चिमणाळं हँडलला लावलं आणि बाजाराच्या गर्दीतनं ते हलत हलत गेलं.